भिंतीवरची दोस्ती : भारत-पाकिस्तान शांतता दिनदर्शिका

२०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘आगाज-ए-दोस्ती’ या दोन्ही देशांतील तरुणांच्या उपक्रमाची ओळख अनेकांना समाजमाध्यमांतूनच होते, आणि त्यातून निघालेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे भारतीय व पाकिस्तानी शाळकरी मुलांच्या चित्रांची वार्षिक दिनदर्शिका. तिथी आणि सणवार पाहण्यासाठी आपल्या घरी कालनिर्णय असतेच. हिच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. कबुतरे, हातात हात असे ठरावीक विषय चित्रांत पुन्हा पुन्हा येतात आणि मान्यवरांचे संदेशही, खरे सांगायचे तर, बरेचसे एकाच सुरातले वाटतात; मात्र नावे झाकून पाहिल्यास कोणते चित्र सीमेच्या कोणत्या बाजूचे आहे हे सांगणे कठीण जाते, आणि माझ्या मते या दिनदर्शिकेचे सारे बळ त्यातच आहे. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारे टपाल व पार्सले बंद केल्यानंतर तर अशी चित्रे एकमेकांपर्यंत पोहोचवण्यासाठी फेसबुकसारखी माध्यमेच मुख्यतः उरली आहेत. तरीही पडद्यावरचे चित्र क्षणात वर सरकून जाते, तर भिंतीवरचे महिनाभर समोर राहते. म्हणून शाळेच्या वर्गासाठी शक्य असल्यास छापील प्रतच घ्यावी.