गोलाईतला बाबुना: फूल खरं, चौकशी शून्य

दिवसभर शिलाई मशीनवर बसून माझं उजवं मनगट सुजतं. शेजारच्या आपांनी बाबुन्याचं तेल सांगितलं, म्हणून लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात गेले. (गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. लातूरची असूनही मी दोनदा चुकीच्या रस्त्याला लागले.)

बाबुना म्हणजे कॅमोमाइल. १०० ग्रॅम फुलं १२० रुपयांना पडली. घरी एक फूल नखानं उभं चिरलं, तर मधला पिवळा उंचवटा आतून पोकळ. हीच खऱ्या बाबुन्याची खूण. वासही पिकल्या सफरचंदासारखा. काड्या जरा जास्त होत्या, पण चालायचंच. फुलं तिळाच्या तेलात मंद आचेवर कढवली. मनगटाला आराम आहे. तो फुलाचा की रोजच्या चोळण्याचा, छातीठोक सांगणार नाही.

त्याच दुकानातून 'कॅलेंड्युला' (झेंडूसारखं दिसणारं, पण वेगळं फूल) म्हणून दिलेली पुडी मात्र उघडताच कळली. पाकळ्यांत काळ्या, सरळ, सुईसारख्या बिया! कॅलेंड्युलाचं बी वाकडं, चंद्रकोरीसारखं असतं. हा तर आपला दसऱ्याचा झेंडू.

खरी तक्रार वेगळीच. तेच तेल आमच्या ह्यांनी गुडघ्याला लावलं. दुसऱ्या दिवशी लालभडक चट्टे आणि रात्रभर खाज. कातडीच्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "गाजरगवत उपटताना खाज सुटते का?" सुटते तर काय, दर पावसाळ्यात हात सोलून निघतात. गाजरगवत, बाबुना, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, सगळी एकाच कुळातली. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही होऊ शकते. आमच्याकडं गाजरगवत नसलेला बांध दाखवा कुणी! तरी दुकानदार त्याबद्दल चकार शब्द विचारत नाही. वर म्हणतो, "फूल आहे ताई, फुलानं काय होतंय?"

सासूबाईंना त्याचा चहा द्या, असंही त्यानं सुचवलं होतं. त्यांना हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून वॉरफॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. बाबुन्यानं त्या गोळीचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो, हे डॉक्टरांकडूनच कळलं. नशीब, चहा अजून केला नव्हता.

झेंडूची पुडी परत घेतली नाहीच, बदल्यात मूठभर बाबुना दिला. दुकानाला पाचपैकी अडीच गुण. झेंडूचं बी परसात टाकलंय, उगवलं तर दसऱ्याचं तोरण फुकट.