मेट्रोसमोरचे कयानी: रोजचे गिऱ्हाईक आणि पाहुणे एकाच टेबलावर

मुंबईत धोबी तलावावर, मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महाल इमारतीत 1904 पासून चालू असलेले ‘कयानी अँड कंपनी’ हे इराणी उपाहारगृह आता पर्यटकांच्या यादीतही ठाण मांडून बसले आहे. एखाद्या ठिकाणाचे असे नाव झाले की पुढे काय होते, हे आपण अनेकदा पाहिले आहे: पदार्थांना नवी नावे मिळतात, दर चढतात आणि जुने गिऱ्हाईक हळूहळू पाठ फिरवते. कयानीचे तसे झालेले नाही आणि त्याचे श्रेय माझ्या मते तिथल्या जुन्या लाकडी खुर्च्यांपेक्षा इराण्याकडच्या एका साध्या रिवाजाला द्यायला हवे.

तो रिवाज म्हणजे टेबल वाटून घेणे. गर्दीच्या वेळी चौघांच्या टेबलावर एकटाच माणूस बसलेला असेल, तर उरलेल्या खुर्च्या मोकळ्याच समजल्या जातात. त्यामुळे किल्ला कोर्टात वेळेवर पोहोचण्याची घाई असलेला कारकून आणि नकाशा उघडून बसलेले परदेशी जोडपे लाल चौकडीच्या एकाच टेबलक्लॉथवर समोरासमोर येतात. कारकून वर्तमानपत्रातून मान वर न काढता ब्रून मस्का चहात बुडवतो आणि ते पाहून पाहुणेही काटा-चमचा बाजूला सारतात. झेवियर्सचे विद्यार्थी आणि याच इमारतीतल्या गोवेकरांच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामायिक वसतिगृहांमध्ये, उतरणारी मंडळी ही इथली आणखी जुनी गिऱ्हाईके.

खाण्यात पहिला मान ब्रून मस्क्याचा. या पावाचे कवच कडक असते आणि आतला भाग मऊ. मध्ये लोण्याचा सढळ थर असतो आणि ‘पानी कम’ म्हणजे कमी पाण्याच्या दाट चहात तो पाव बुडवला की कपात पिवळसर तवंग पसरतो, ज्याकडे नाक मुरडणाऱ्याने बिस्किटे मागवावीत. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलेली अकुरी, म्हणजे अंड्यांची पारशी भुर्जी, ओलसरच खायची असते. ती कोरडी करून मागणे म्हणजे आपल्या भुर्जीवरच समाधान मानणे होय. पोटभर खायचे असेल तर खिमा पाव आहे आणि घरी नेण्यासाठी वेलचीच्या वासाचा मावा केक.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या जरथुस्त्री इराण्यांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर अशी हॉटेले उघडली. त्यांतली बहुतेक मिटली. इथून जवळचे ‘बस्तानी’ हे इराणी हॉटेलही गेले. उरलेल्यांना पर्यटकांचा आधार आहे, हे आपण मुंबईकरांनी नाके न मुरडता मान्य करावे. पाहुण्यांनीही एवढेच करावे की छायाचित्रे काढून होताच, चहा संपला असेल तर खुर्ची सोडावी, कारण दारात खोळंबलेल्या माणसाला पुढे कामावर जायचे असते.