८,२०० रुपयांचा वाटाणा

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितोय. सेकंडहँड कंडेन्सर माइकच्या नादात ८,२०० रुपये घालवले. १,००० टोकन म्हणून यूपीआयने आणि ७,२०० रोख, स्वारगेटच्या एसटी स्टँडबाहेर. रोख देऊ नका. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

मी घरीच व्हॉइसओव्हर करतो. स्टुडिओ म्हणजे बेडरूमचा कोपरा आणि भिंतीला दोन गोधड्या. रोड (Rode) कंपनीचा एनटी१-ए माइक हवा होता, कारण त्याची स्वतःची खरखर जेमतेम ५ डेसिबल. नवा परवडत नव्हता. जाहिरातीत ९,५०० होते, मी घासाघीस करून ८,२००वर आणले आणि वर स्वतःवरच खूश झालो.

विकणाऱ्या पठ्ठ्याने खोका उघडून माइक हातात दिला. हलका लागला. खरा सव्वातीनशे ग्रॅमचा असतो, हा रिकाम्या फुलपात्रासारखा. पुढची बाजू दाखवणारा सोनेरी ठिपका मात्र जागच्या जागी होता. (ठिपक्यावर जाऊ नका, ठिपका कोणीही काढतो.) मग तो म्हणाला, "दादा, फँटम पॉवर नसली तरी चालतो. लॅपटॉपला डायरेक्ट लावा."

इथे. इथेच पाठ फिरवायला हवी होती. फँटम पॉवर म्हणजे केबलमधूनच माइकला दिलेले ४८ व्होल्ट, आणि त्याशिवाय हा माइक मुका, हे मी स्वतः चारचौघांना शिकवलंय! आणि मी काय केलं? हसलो. वाटलं, गाणारा पोरगा असेल, त्याला काय कळतंय यातलं. पाऊस भुरभुरत होता, त्याची साताऱ्याची गाडी म्हणे लागली होती, मला सोमवारी काम द्यायचं होतं. तुम्हीही दिले असते पैसे. बरं, नसते दिले.

घरी लावला तर स्टोव्ह पेटल्यासारखा आवाज. जाळी काढली. जिथे आवाज टिपणारी इंचभर रुंद कॅप्सूल असायला हवी, तिथे वाटाण्याएवढी इलेक्ट्रेट (हेडफोनच्या माइकात असते तसली) कॅप्सूल चिकटवलेली. इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आणि लॅपटॉप पिशवीत घालून न्यायला काय जात होतं माझं? हेडफोन लावून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली असती तरी कळलं असतं.

तोवर त्याचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, मी दोन दिवस घालवले. आणि तिथेही यूपीआयचे १,००० तेवढे दाखवता आले, रोखीला पुरावा कुठला?

मग चौकी. "तुम्ही वस्तू बघूनच घेतली ना?" बघून घेतली. "मग?" मग काय! वर, "व्यवहार स्वारगेटला झाला, आमची हद्द नाही." दुसऱ्या चौकीत गेलो, तर "राहता कुठे? तिकडे द्या." हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात लिहिलंय. मी मोबाइलवर कलम काढून दाखवलं, तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, एफआयआर नाहीच. पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. आणि "हा ओरिजनल नाही हे कोण सांगणार?" म्हणून माइक टेबलावर उघडून वाटाणा दाखवला. सगळे जमून बघून गेले.

निघताना त्यातल्याच एकाने विचारलं, "आवाज चांगलाय तुमचा. आमच्या मंडळाची गणपतीची अनाउन्समेंट करून द्याल का?"

हो म्हणालो.