काळी गाडी, बोअरचं पाणी आणि तेरा महिने

माझ्या गाडीवरचा पहिला ओरखडा पूजेचा आहे. गेल्या वर्षी दसऱ्याला गाडी घरी आणली, आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर अक्षता टाकल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. संध्याकाळी मी कोरडं फडकं घेऊन ते कुंकू पुसलं. दुसऱ्या दिवशी उन्हात बघतो तर माझा हात जसा फिरला होता तशाच गोल रेघा. पांढऱ्या गाडीवर त्या मला कधी दिसल्याही नसत्या.

रंग पर्ल ब्लॅक. म्हणजे खाली चमकीचा काळा आणि वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर. बहुतेक ओरखडे या वरच्या थरातच असतात. काळा रंग आरशासारखा, त्यामुळे रेघेच्या काठावर उजेड विखुरला की ती पांढरी होऊन उठून दिसते. रात्री पेट्रोल पंपावरच्या एलईडीखाली गाडी लावा, प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसेल. माझ्या गाडीवर ते दोन महिन्यांत तयार झालं. विणणारे तिघं: सोसायटीत गाड्या पुसणारे दादा, बाबा आणि मी.

दादा पहाटे पाचला येतात. एक बादली, एक फडकं, वीस-बावीस गाड्या. माझा नंबर सतरावा की अठरावा, तोवर पाण्याचा चहा झालेला असतो. बाबांची तऱ्हा वेगळी. चेतक होती तेव्हापासून सकाळी जुना पंचा घेऊन गाडी पुसायची सवय. "अरे, पंच्याने कधी ओरखडे पडतात का? लहानपणी तुला यानेच पुसायचो." पंचा मऊच असतो हो. पण आम्ही धायरीला राहतो, चारी बाजूंना बांधकामं, दिवसभर रेडीमिक्सच्या गाड्या. रात्रीतून गाडीवर जी धूळ बसते ती निम्मी वाळू आणि सिमेंट. पंचा नुसता तिला फिरवतो.

हे डोक्यात शिरल्यावर मी पहिलं काम केलं ते कुठलीही बाटली न घेता. सोमवार ते शनिवार बॉडीला हात लावायचा नाही. दादांना सांगितलं, "काचा, टायर, मॅट एवढंच करा, पैसे तेवढेच देईन." ते म्हणाले, "साहेब, लोक म्हणतील मी तुमची गाडी पुसतच नाही." आणि खरंच, आठवड्याभरात बी विंगमधल्या काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, दादांचे पैसे थकवलेत का म्हणून. असो. मळकट काळी गाडी चालवायला थोडी निगरगट्ट व्हायची तयारी लागते.

पाण्याचं मात्र मला फार उशिरा कळलं. शाम्पू चांगला आणला होता, मेग्वायर्सचा गोल्ड क्लास, त्याबद्दल तक्रार नाही. छान निसरडा फेस होतो, अंगावरचं वॅक्स उतरत नाही. भांड्यांच्या साबणाने ते उतरतं, म्हणून तो वापरू नये. पण धुऊन झाल्यावर वाळलेल्या गाडीवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. मी दोष देत होतो शाम्पूला. शेवटी अडीचशे रुपयांचं टीडीएस मीटर मागवलं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र; आकडा मोठा तितके क्षार जास्त. महापालिकेच्या नळाचं पाणी 95. पार्किंगमधला नळ बोअरचा, तो 780. आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी, जे आई पाणी वाचवायचं म्हणून बादलीत साठवते आणि मी त्यानेच शेवटचा हात मारत होतो, ते 1,150. आरओ मशीन क्षार काढतं म्हणजे ते सगळे त्या बादलीतच घालतं, एवढं साधं गणित मला सहा महिने सुचलं नाही.

काळा पत्रा उन्हात तापतो तेव्हा पाणी पुसायच्या आत उडून जातं आणि मागे क्षार उरतात. ताजे डाग व्हिनेगरने निघतात. किराण्याच्या दुकानातलं पांढरं, निम्मं साधं पाणी घालून, मिनिटभर ओलं कापड ठेवायचं आणि लगेच धुवायचं. दोन-तीन आठवडे ऊन खाल्लेले डाग क्लिअर कोटमध्ये उतरतात, ते पॉलिशशिवाय जात नाहीत. छतावर माझे अजून चार आहेत.

आता शेवटच्या पाण्यासाठी एसीच्या नळीखाली डबा लावलाय. मीटर 18 दाखवतं. मे महिन्यात रात्रभरात तीनेक लिटर जमायचं, तेवढ्यात बॉनेट आणि छत निघतं. बायको याला माझं तीर्थ म्हणते.

खरा फरक पडला तो ऑप्टिमम नो रिन्समुळे, हे पाण्यात मिसळून गाडी पुसायचं द्रावण. नावाप्रमाणे मागाहून पाणी मारावं लागत नाही. चार लिटरला 15 मिली, मी आठ लिटरची अर्धी बादली करतो. 946 मिलीची बाटली तीसएक वेळा पुरते, म्हणून किंमत बघून सुरुवातीला पोटात गोळा आला तरी पुढे अंगवळणी पडते. हेच पाणी आधी झाडांवर औषध फवारायच्या दोन लिटरच्या हातपंपात भरतो. रविवारी सातला, ऊन यायच्या आत, एका दाराला फवारा मारून मिनिटभर तसाच सोडायचा. धूळ फुगते, सुटते, थोडी ओघळते. मग बादलीतलं ओलं मायक्रोफायबर, चार घड्यांचं, वजन न देता सरळ रेषेत एकदाच ओढायचं. गोल नाही. बाजू उलटायची. आठ बाजू वापरून झाल्या की कापड वेगळ्या टबात, परत बादलीत नाही. पूर्ण गाडीला मला सात कापडं लागतात. पहिल्यांदा विश्वास बसत नव्हता, म्हणून एकाच दारावर सहा आठवडे करून बघितलं. त्या दारावर नवी रेघ आली नाही.

मात्र हे फक्त धुळीसाठी. जुलैत ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलो, दारांच्या खालच्या भागात लाल चिखल थापल्यासारखा बसला होता. अशा वेळी प्रेशर पंपच लागतो, मग फोम, मग पुन्हा पाणी आणि शेवटी हात. वॉशिंग सेंटरला गेलो तर त्यांना म्हणतो, फक्त पाणी आणि फोम मारा, पुसू नका. तिथल्या कापडाने आधी कोणाची चाकं पुसली असतील सांगता येत नाही. पैसे पूर्ण घेतात, हसतातही.

कापडांचं थोडक्यात. सिग्नलवर मिळणारी पिवळी कापडं फक्त चाकांना, त्यांची शिवण बोचते. बॉडीसाठी 350 जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कापडाचा जाडपणा) बिनकाठाची, पाणी टिपायला 1,200 जीएसएमचा एक मोठा टॉवेल. तो घासायचा नसतो, पसरून उचलायचा. मशीनमध्ये वेगळी धुवायची, कपड्यांचं कंडिशनर घालायचं नाही. कापड जमिनीवर पडलं तर ते त्याच क्षणी चाकांच्या खात्यात जमा, मग कितीही महाग असो.

कोटिंगवर मी पैसे घालवले आणि मला त्याचं फार कौतुक नाही. शोरूमने 25 हजारांचं सिरॅमिक, म्हणजे रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर, गळ्यात मारायचा प्रयत्न केला, "9एच आहे, ओरखडाच पडणार नाही." हे 9एच म्हणजे पेन्सिलीची श्रेणी; तेवढ्या कडक पेन्सिलीने रेघ उठत नाही इतकाच अर्थ, वाळूने उठते. ते घेतलं नाही. त्याऐवजी एका डिटेलरकडून, म्हणजे गाड्या चमकवून देणाऱ्याकडून, एकदा मशीन पॉलिश करून घेतलं, साडेसहा हजार. त्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावून दाखवलं, बॉनेटवर सगळे थर मिळून 108 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट निम्म्याच्या आसपास, आणि प्रत्येक पॉलिशला त्यातलाच थोडा जातो. म्हणून दरवर्षी पॉलिश करायला तो स्वतःच नको म्हणाला. जाळं ऐंशी टक्के गेलं. वर मी बाटलीतला सिरॅमिक स्प्रे मारतो. लेबलवर वर्षभर लिहिलंय, एका पावसाळ्यात पाण्याचे थेंब गोल व्हायचे थांबले. दर तीन महिन्यांनी मारला तर ठीक, कारण त्यावर धूळ कमी चिकटते आणि टॉवेल सरकतो.

पक्ष्यांची घाण मात्र रविवारपर्यंत थांबत नाही. उन्हात दोन दिवस राहिली की खाली खड्डा पडतो. डिकीत नो रिन्सच्या पाण्याची बाटली आणि दोन कापडं असतात. ओलं कापड पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग उचलायचं. नखाने खरवडणाऱ्या मेव्हण्याला मी लग्नात ओरडलोय.

या दसऱ्याला मी आईला आधीच सांगितलं, स्वस्तिक काचेवर काढ. ती म्हणाली, "गाडीची पूजा करायची की काचेची?" आणि काढलं बॉनेटवरच, जुन्या रेघांच्या बरोब्बर वर. या वेळी मी हातपंप घेऊन बाजूला उभा होतो. दोन लिटर पाणी गेलं, कुंकू ओघळून बंपरवरून खाली गेलं, अक्षता एकेक करून बोटांनी उचलल्या. बाबा पंचा खांद्यावर टाकून बघत होते.