नवतपा, तापलेला स्लॅब आणि डीपकूल एके४००

यूट्यूबवर सीपीयू कूलरचे, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या वस्तूचे, कितीही रिव्ह्यू पाहा, खोलीचं तापमान २१ नाहीतर २३ अंश. एसी लावून, दार लावून, शांतपणे मोजतात बिचारे. त्यांचं काही चुकत नाही. पण नागपुरात मे महिन्यात वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली जो बसतो त्याने त्या आकड्यांचं काय करायचं? मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला सलग सुट्या मिळतात त्या उन्हाळ्यातच, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर घेऊन मशीन उघडण्याचा माझा हंगाम आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, दरवर्षी एकत्रच येतात. अशा खोलीत डीपकूल कंपनीचा एके४०० हा सीपीयू कूलर कसा चालतो, ते लिहितो आहे. एसीवाल्यांनी यातले आकडे आपल्या जबाबदारीवर वापरावेत.

मशीन साधं आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, समोर जाळी असलेला कॅबिनेट. दिवसा भाचा त्यावर लग्नांचे व्हिडिओ रेंडर करतो, रात्री ते माझ्या ताब्यात. मुहूर्त भर मेमध्ये निघत असल्यामुळे प्रोसेसरला सगळ्यात जास्त घाम फुटायचे दिवसही तेच. म्हणजे चाचणीसाठी मला वेगळं काही करावं लागलं नाही, भाच्याच्या क्लायंटांनी ते काम फुकटात केलं.

५६०० च्या डब्यात एएमडी रेथ स्टेल्थ नावाचा कूलर देते. अ‍ॅल्युमिनियमचा बुटका ठोकळा, वर पंखा. उष्णता वाहून नेणारी नळी, म्हणजे हीटपाइप नाही, तांबं नाही. ६५ वॅटच्या चिपला बेताच्या खोलीत तो पुरतो आणि फुकट मिळतो, म्हणून त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण हिशेब बघा. कोणताही हवेचा कूलर चिपला ठरावीक तापमानावर ठेवत नाही. तो फक्त खोलीची हवा आणि चिप यांच्यातला फरक ठरवतो. एखाद्या कूलरवर फरक ५५ अंश पडत असेल, तर २३ च्या खोलीत चिप ७८ वर थांबते आणि रिव्ह्यूवाला खूश होतो. खोली ४० वर गेली की तोच हिशेब ९५ सांगतो. ५६०० ची मर्यादा ९० ची. चिप जळत नाही, ती आपला वेग कमी करते आणि ९० ला चिकटून बसते. माझ्याकडे दुपारी नेमकं तेच दिसायचं: घड्याळ, म्हणजे चिपचा वेग, ४.३ गिगाहर्ट्‌झवरून ४ च्या आसपास उतरलेलं आणि पंखा जीव खाऊन फिरतोय.

बर्डीवरच्या, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डी बाजारातल्या, दुकानदाराचं उत्तर तयार होतं: नळ्यांतून पाणी फिरवणारा लिक्विड कूलर.

"सर, लिक्विडच टाका नं. ऊन बघताय ना बाहेर!"

"लिक्विडचा रेडिएटर कोणती हवा घेईल?"

"खोलीतलीच घेईल नं सर."

"मग?"

तो हसला आणि मागच्या फळीवरून एके४०० काढला. तेव्हा दोन हजारांच्या आतबाहेरची वस्तू होती. लिक्विडचे त्याच्या दुप्पट-तिप्पट गेले असते.

लिक्विड वाईट असं मी म्हणत नाही. दीडशे-दोनशे वॅट खाणाऱ्या चिपला त्याचा उपयोग आहे. पण ५६०० पूर्ण जोरात चालली तरी सॉकेटमधून तिला ७६ वॅटच मिळतात, आणि त्यातला मोठा भाग जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडतो. त्या तुकड्यातून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत उष्णता पोचणं, हीच खरी अडचण. त्यापुढे तुम्ही टॉवर, म्हणजे पात्यांचा उभा हवेचा कूलर लावा की रेडिएटर, अडलेली वाट रुंद होत नाही. शिवाय लिक्विडमध्ये पंप नावाची एक जास्तीची फिरती वस्तू येते, आणि नळ्यांमधलं पाणी वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत जातं ते वेगळंच.

आता एके४००. सहा मिलिमीटरच्या चार तांब्याच्या हीटपाइप, एकच टॉवर, १२० चा एक पंखा, उंची १५५ मिलिमीटर. हीटपाइप तळाशी घासून सपाट केलेल्या, म्हणजे थेट चिपच्या झाकणावर टेकतात. खोक्यावर २२० वॅटचा आकडा छापलेला आहे. असे आकडे मी शाळेतल्या प्रगतिपुस्तकातल्या 'वर्तन: उत्तम' या शेऱ्यासारखे वाचतो.

हीटपाइप म्हणजे भरीव तांब्याची कांडी, असं कॉलेजातल्या मुलांनाही वाटतं. ती पोकळ असते. आतली हवा काढून थोडंसं पाणी भरून बंद केलेली, आणि आतल्या भिंतीला सच्छिद्र तांब्याचा थर. दाब कमी असल्यामुळे पाणी शंभर अंशांची वाट न पाहता तळाशी वाफ होतं, वर पात्यांपाशी जाऊन पुन्हा पाणी होतं, आणि त्या थरातून केशाकर्षणाने खाली परत येतं. आपल्या खिडकीतला कूलर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून जे करतो त्याचंच हे बंद नळीतलं रूप, फक्त इथे टाकी भरायला कोणाला उठावं लागत नाही. नववीच्या वर्गात बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा शिकवताना जुना फेकलेला कूलर करवतीने कापून नेऊन दाखवा. मुलं फळ्याकडे बघायची थांबतात, पण धडा विसरत नाहीत.

बसवायची पद्धत सांगतो, कारण इथे नवशिके घाबरतात. एएम४ म्हणजे ५६०० ज्यात बसते ते सॉकेट; त्या बोर्डावर मागची मूळ लोखंडी प्लेटच वापरायची आहे, नवी येत नाही. रेथ स्टेल्थ चार स्क्रूंनी थेट त्या प्लेटवर आवळलेला असतो, म्हणून चारही काढले की प्लेट मोकळी होऊन मागच्या मागे पडते. स्क्रू काढण्याआधी कॅबिनेटचं मागचं झाकण उघडून प्लेटला चिकटपट्टी लावून ठेवा. दुसरी गोष्ट: जुना कूलर सरळ वर ओढू नका. एएम४ च्या प्रोसेसरला खालून १,३३१ पिना असतात आणि सॉकेटची पकड इतकी घट्ट नसते. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून हातात येतो. मशीन दहा मिनिटं चालवा, पेस्ट नरम होऊ द्या, बंद करा, वायर काढा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून मग उचला. नागपुरात मेमध्ये ते दहा मिनिटं चालवायचं कामही वाचतं म्हणा.

पुढे सोपं आहे. प्लेटच्या दांड्यांवर प्लास्टिकची छोटी नळकांडी, त्यावर धातूच्या दोन पट्ट्या, मग टॉवर. टॉवरचे दोन स्क्रू आवळायला पंखा काढावा लागतो आणि लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो. घरातल्या मिक्सरच्या स्क्रूड्रायव्हरने होणार नाही. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी, असं करू नका. इकडे दोन आटे, तिकडे दोन आटे. पेस्ट तळाला आधीच लावून येते आणि ती चांगली पसरते, मात्र एकदा टेकवून उचललात की नवी लावावी लागेल, म्हणून पेस्टची छोटी ट्यूब जवळ असू द्या. पंख्याच्या तारेच्या क्लिपा शेवटी बसवायच्या. त्या बसवताना बायको म्हणाली, "अहो, बोट कापेल, पक्कड घ्या." बरोबर म्हणाली. पकडीने चटकन बसतात.

आकड्यांकडे येऊ. मी थर्मामीटर भिंतीवर लावत नाही, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला लावतो, कारण मशीन जी हवा पिते तीच महत्त्वाची. आणि थर्मामीटर आधी दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहतो. २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. इतका मोठा बिघाड पकडता तरी येतो. तीन अंशांचा बिघाड रिव्ह्यूमध्ये सहज दडून राहतो.

भर दुपारी, खिडकीतला कूलर बंद, जाळीपाशी ४० अंश. प्रोसेसरला पूर्ण जोरात पळवणाऱ्या सिनेबेंच आर२३ या चाचणीचा दहा मिनिटांचा फेरा. एके४०० वर चिप ८३ ला थांबली, घड्याळ कुठेही पडलं नाही. म्हणजे फरक ४३ अंशांचा. एवढ्यावरच पैसे वसूल झाले असं मला वाटतं.

पण त्याहून मोठा फायदा फुकटात मिळाला, तो बायॉसमधून, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून. तिथे पीबीओ नावाच्या पानावर पीपीटी, म्हणजे चिपने जास्तीत जास्त किती वीज घ्यावी याची मर्यादा असते, ती मी ७६ वरून ६० वॅटवर आणली. चिप ७४ वर आली. भाच्याच्या रेंडरला पाच मिनिटांमागे वीसेक सेकंद जास्त लागतात, आणि त्याला ते मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. चिपला शेवटच्या थोड्याशा वेगासाठी अव्वाच्या सव्वा वीज लागते, त्या टोकावरून ती जरा खाली उतरवली की उष्णता झपाट्याने कमी होते. रात्री खिडकीतला कूलर लावून खोली ३१ वर आली की याच सेटिंगवर चिप ६५ च्या आसपास राहते. तेव्हा मी २३ अंशांवाल्या लोकांकडे मान वर करून बघू शकतो.

गेम खेळताना चित्र थोडं बदलतं. आरएक्स ६६०० कार्डाचे १३२ वॅट कॅबिनेटमध्येच ओतले जातात आणि एके४०० ला ती शेकलेली हवा मिळते. टॉवर कूलर चांगला असून त्याला चांगली हवा न देणं, हे पैसे पाण्यात घालणं आहे. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. पुढचे दोन जास्त ओढतात म्हणून कॅबिनेटमधला दाब बाहेरपेक्षा किंचित वाढतो आणि धूळ फटींतून न शिरता जाळीवर अडते. सपाट काचेचा दर्शनी भाग असलेले, आत सात रंगांचे दिवे लागणारे कॅबिनेट विदर्भात विकायलाच बंदी असावी, असं माझं मत आहे. भाच्याचं मत वेगळं आहे.

आवाज. पंखा ५०० ते १,८५० फेऱ्यांत चालतो. अकराशेपर्यंत छताच्या पंख्यापुढे तो ऐकूच येत नाही. पुढे गेला की कळतो, आणि पूर्ण वेगाला खोलीत कोणीतरी जोरात श्वास घेतंय असं वाटतं. बहुतेक बोर्डांवर पंख्याची मूळ आलेखरेषा थंड खोली धरून आखलेली असते, चिप चाळीसच्या पुढे गेली की पंखा जोर धरू लागतो. माझी चिप मेमध्ये नुसती डेस्कटॉप दाखवत बसली तरी ५२ असते, म्हणजे पंखा कायम वर-खाली होत राहणार. मी ६२ अंशांपर्यंत ८०० फेऱ्या सरळ ठेवल्या, तिथून ८२ पर्यंत चढ दिला, आणि वेग बदलायला थोडा उशीर लावला. रायझन ब्राउझर उघडताच क्षणभर दहा-बारा अंश उसळतो, त्या उसळीमागे पंख्याने धावायची गरज नसते.

आमच्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न: खिडकीतल्या कूलरच्या ओलाव्याने मशीन खराब होतं का? दव धरायला वस्तू हवेपेक्षा थंड असावी लागते. चालू मशीनमधलं सगळं हवेपेक्षा गरम असतं, त्यामुळे आत पाणी धरत नाही. त्रास होतो तो उडणाऱ्या तुषारांनी, आणि ओलसर धुळीने. आपला फुफाटा एरवी फुंकरीने उडतो, ओला झाला की पात्यांमध्ये चिखलासारखा बसतो आणि वाळून पापुद्रा धरतो. मशीन कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, बाजूला ठेवा. एके४०० ची पाती साफ करायला पंखा काढून रंगाच्या जुन्या मऊ ब्रशने वरून खाली झाडायचं, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भन्नाट वेगाने फिरवायला मजा येते, पण बेअरिंगची वाट लागते.

कंपनीबद्दल एक माहिती असू द्यावी. जून २०२४ मध्ये अमेरिकेने रशियन कंपन्यांना माल पुरवल्याच्या कारणावरून डीपकूलवर निर्बंध लावले. माझ्या बर्डीवरच्या दुकानदाराच्या फळीवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. अमेरिकन यूट्यूबरांच्या त्यानंतरच्या तुलनेत हा कूलर सापडला नाही, तर तो वाईट आहे म्हणून वगळलाय असं समजू नका.

कोणी घेऊ नये? ज्यांची चिप सलग सव्वाशे वॅटच्या पुढे खाते त्यांनी. आपल्या उन्हाळ्यात तिथे दोन टॉवरचा मोठा कूलर लागेल. बारक्या कॅबिनेटवाल्यांनी १५५ मिलिमीटर आधी पट्टीने मोजावेत, दुकानात अंदाजाने नाही. ५५०० किंवा ५६०० वर नुसतं ऑफिस आणि टॅली चालवणाऱ्यांनी पैसे खर्च करू नयेत, बायॉसमध्ये वॅट कमी करावेत आणि फुकटचा कूलर साफ ठेवावा.

रायझन ५ आणि रायझन ७ च्या ६५ वॅटवाल्या चिपांना मात्र बिनधास्त घ्या. पुढे एएम५ या नव्या सॉकेटवर जायचा विचार असेल तर खोकं आणि उरलेले स्क्रू टाकून देऊ नका, तिथेही कूलरची भोकं एएम४ च्याच मापाची आहेत आणि हाच टॉवर बसतो. मागची प्लेट तिथे सॉकेटलाच पक्की असते, त्यामुळे चिकटपट्टीचा खटाटोपही वाचेल.