मॉर्फिनच्या धास्तीपायी ५५,०५० रुपये घालवले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा लाज वाटायला नको. दुखण्यावर चूर्ण विकणाऱ्या एका भामट्याला दिलेले हे पैसे: नोंदणीचे २,१००, पहिल्या कोर्सचे १८,५००, 'जास्त तीव्र' दुसऱ्या कोर्सचे ३१,००० आणि पार्सल थंड पेटीतून यावं म्हणून ३,४५०. चूर्णाला थंड पेटी कशाला लागते, हे विचारण्याइतकं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं.

दादाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. मणका, कंबर, मांडी. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र दुखणं थांबवणाऱ्या, गोळ्या दिल्या होत्या, दर चार तासांनी, आणि त्या लागूही पडत होत्या. पण घरात त्या नावाचीच धास्ती. वहिनी पाकीट पालथं ठेवायची. व्यसन लागेल, शुद्ध हरपेल, मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलंच. त्या चूर्णवाल्याने नेमकं तेच हेरलं. कॅन्सर बरा करतो असं तो एकदाही म्हणाला नाही बरं का. म्हणाला असता तर मी फोन आपटला असता, तेवढा अडाणी मी नाही. "फक्त दुखणं थांबवतो, त्या गोळीशिवाय," एवढंच.

त्याच्या सांगण्यावरून गोळ्या एका दिवसात बंद केल्या. दादाला घाम, जांभया, नाकातून पाणी, जुलाब. "विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे." कसलं विष! मॉर्फिन अचानक तोडलं की असंच होतं. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर... सांगितलं होतं खरं तर. कागदावर लिहूनही दिलं होतं. मी तो फाइलीत लावून टाकला.

मग दादा जेवायला लागला. दुखणंही जरा उतरलं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "चष्मा कानशिलाला रुततोय रे." मी काड्या हाताने बाहेर वाकवून दिल्या आणि वहिनीला म्हटलं, "बघ, दादाने अंग धरलं!" हातपाय काटक्यांसारखे, आणि गाल तेवढे फुगलेले. चष्मा माझ्या हातात होता. तरीही मला कळलं नाही. त्याच रात्री मी ३१,००० पाठवले.

पाचव्या आठवड्यात तोंडात पांढरा थर, घशाला कोरड, रक्तातली साखर ४१२. कूस बदलली की दादा ओरडायचा. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याच्या उपचारांच्या, डॉक्टर म्हणाल्या, चूर्णात स्टेरॉइड मिसळलं असणार. भूक, गोल चेहरा, साखर, सगळं त्यातच बसतं. स्टेरॉइड त्याही देतात, पण मोजून आणि सांगून. आणि हो, असलं चूर्ण कुणी घेत असेल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा. मॉर्फिनही मध्ये खंड पडल्यावर जुन्या डोसने स्वतःहून सुरू करायचं नाही. दादाला पुन्हा कमीपासून चढवत नेलं.

त्या बाईंनी वीस मिनिटं नुसतं दुखण्याबद्दल विचारलं. कुठे, कधी, ठणका की जळजळ, रात्री किती वाजता जाग येते. त्या भामट्याने पाच आठवड्यांत यातलं एकही विचारलं नव्हतं! जळजळीला वेगळी गोळी, मांडीच्या हाडाला रेडिएशनचा एकच डोस, मधेच कळ आली तर द्यायला जादा मॉर्फिन, आणि पहिल्या दिवसापासून रेचक. रेचक विसरू नका, बद्धकोष्ठानेच लोक कंटाळून मॉर्फिन सोडतात. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे चार दिवस नव्हे. निदान होताच मागा, इतर उपचार चालू असतानाही मिळतं.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग फसवणूक कसली?" बँक म्हणाली, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. औषध खात्यात गेलो, तर डब्यावर उत्पादकाचा पत्ता नाही म्हणून कारवाई कोणावर करायची, असं मलाच विचारलं. अहो, पत्ता नाही हीच तर तक्रार आहे! चूर्ण तपासून द्या म्हटलं, तर म्हणे खासगी माणसाकडून नमुना घेत नाहीत. नमुना कोण आणणार? निरीक्षक. निरीक्षक कुठे आहेत? दौऱ्यावर. तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा दौऱ्यावर. दादाला एकटं ठेवून, रजा टाकून.

वर आणखी एकाचा फोन, "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त ४,९९९ भरा." माझा नंबर त्याला कुणी दिला असेल ते ओळखा. रिपोर्टचे फोटो कुणालाही पाठवू नका, त्यावर नाव-नंबर सगळं असतं.

दादा आता सलग पाच तास झोपतो. डबा कपाटात तसाच आहे, अर्धा भरलेला. निरीक्षक दौऱ्यावरून आले की घेऊन जाईन.