कॉइलवर टेकवायचा प्रोब की करंट क्लॅम्प: स्कोपसोबत आधी काय घ्यावं?

गाडीतले विजेचे सिग्नल स्क्रीनवर रेघेनं दाखवणारा दोन चॅनलचा स्कोप (ऑसिलोस्कोप) घेतला की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. इग्निशन बघायचं तर आधी काय घ्यायचं? कॉइलच्या डोक्यावर टेकवून सेकंडरी, म्हणजे प्लगकडे जाणारं हाय टेन्शन व्होल्टेज, दाखवणारा प्रोब, की कॉइलच्या सप्लाय वायरला लावायचा छोटा करंट क्लॅम्प? दोन्ही काही हजारांत येतात, पण एकदम दोन्ही घेणं प्रत्येकाला परवडेलच असं नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही वापरात आहेत, म्हणून जे अनुभवाला आलं ते मांडतो. तुमच्या गॅरेजला कुठल्या गाड्या जास्त येतात त्यावर उत्तर थोडं बदलेल.

प्रोबची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. सिलिंडरच्या आत काय चाललंय ते क्लॅम्पला दिसत नाही, प्रोबला दिसतं. ठिणगी उडायच्या क्षणी उभी जाते ती फायरिंग लाइन. प्लगचा गॅप झिजून वाढला, मिक्श्चर लीन झालं (इंधन कमी, हवा जास्त), की ती उंच होते. तिच्यामागून स्पार्क लाइन येते, म्हणजे ठिणगी जळत असतानाची रेघ. आयडलला ती साधारण एक ते दोन मिलिसेकंद टिकायला हवी. ती आखूड होऊन वर चढत असेल तर मिक्श्चर किंवा वाटेतला रेझिस्टन्स तपासावा. ठिणगी विझल्यावर तीन-चार लाटा राहतात. त्या दिसल्याच नाहीत तर कॉइलवर संशय. एवढं सगळं एकाच चित्रात मिळतं.

सीएनजीवर तर प्रोब फारच बोलका होतो. ‘पेट्रोलवर मस्त चालते, गॅसवर टाकली की मिसिंग मारते’ ही तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात रोजची आहे. गॅसवर ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशक्त कॉइल आणि झिजलेला प्लग आधी गॅसवर उघडे पडतात. प्रोब टेकवा आणि चालू गाडी पेट्रोलवरून गॅसवर घ्या. त्याच सिलिंडरची फायरिंग लाइन उंच होते आणि स्पार्क लाइन आखडते. हे गिऱ्हाइकाला स्क्रीनवर दाखवलं की नवीन प्लग का टाकायचे यावर वाद होत नाही.

मग अडतं कुठे? प्रोब हातात धरावा लागतो, आणि मला शेवटी क्लॅम्पकडे वळवलं ते याच एका गोष्टीनं.

हा प्रोब विजेचा दाब सरळ मोजत नाही. कॉइलभोवतीच्या विद्युतक्षेत्राची चाहूल घेतो. तो कॉइलच्या मध्यावर टेकला की कडेला, सपाट बसला की तिरपा, यावर चित्राची उंची बदलते. एक नंबरच्या कॉइलवर फायरिंग लाइन एवढी, तीन नंबरवर दीडपट. आता तीनचा प्लग खराब मानायचा, की तिथे हात जरा वेगळा टेकला? पुन्हा टेकवून पाहावं तर आकडा तिसराच. प्लगच्या विहिरीत खोल उतरणाऱ्या पेन्सिल कॉइलमध्ये हाय टेन्शनचा भाग खाली असतो, त्यामुळे वर टेकवलेल्या प्रोबला सिग्नल आधीच क्षीण मिळतो. काही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्ड कॉइलच्या वरून जातं, तिथे हात शिरतच नाही. स्पार्क लाइन किती वेळ टिकली यावर तरीही भरवसा ठेवता येतो, कारण वेळ हातानं बदलत नाही. पण सिलिंडर-सिलिंडरची उंची ताडून पाहायची तर माझा या प्रोबवर विश्वास बसत नाही.

दुसरं, हात आत आहे म्हणजे बॉनेट उघडं आणि गाडी जागेवर. कॉइलचा आजार मात्र बहुधा गरम झाल्यावर, लोडवर निघतो. गॅरेजमध्ये कितीही रेस द्या, काही सापडत नाही, आणि खंबाटकीच्या चढावर गाडी धक्के द्यायला लागते.

क्लॅम्प इथे सुटसुटीत पडतो. कॉइलचा फ्यूज काढा आणि त्या जागी फ्यूजसकट वायरचा छोटा लूप बसवा. लूपला क्लॅम्प लावा, बॉनेट बंद करा, निघा. चारही कॉइलचा करंट एकाच रेघेवर ओळीनं येतो. निरोगी कॉइलचा करंट शून्यापासून सरळ चढतो, साधारण तीन मिलिसेकंदांत सहा-सात अँपिअरच्या आसपास पोचतो आणि ठिणगीच्या क्षणी एकदम खाली येतो. आकडे गाडीगणिक बदलतात. महत्त्वाचं हे की चारही उंचवटे एकसारखे हवेत.

अशीच एक सीएनजीवरची हॅचबॅक आली होती. स्कॅनरवर कधी पी 0300 (कुठल्याही सिलिंडरला मिसिंग असल्याचा कोड), कधी काहीच नाही. आधीच्या ठिकाणी प्लग बदलून झाले होते आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर, बदलायची भाषा सुरू होती. दुसऱ्या चॅनलवर एक नंबरच्या कॉइलचा ट्रिगर (ईसीएमकडून कॉइलला येणारा सिग्नल) घेतला आणि गाडी चढावर नेली. थंड असताना चारही उंचवटे सारखे होते. इंजिन तापल्यावर त्यातला एक सुरुवातीलाच भिंतीसारखा उभा राहिला आणि मग चढू लागला. आतले वेढे शॉर्ट होत असल्याची ही खूण. एक नंबरपासून मोजला तर तो तिसरा उंचवटा, म्हणजे 1-3-4-2 या क्रमात चौथा सिलिंडर. त्याची कॉइल बदलली आणि ईसीएमचा विषय तिथेच संपला.

ट्रिगर येतो पण करंटच नाही, तर कॉइल किंवा तिची सप्लाय-अर्थ वायर. ट्रिगरच नाही, तर वायरिंग किंवा ईसीएम. हा निवाडा क्लॅम्प आणि एक साधी लीड मिळून करतात. आजकालच्या बऱ्याच कॉइलमध्ये इग्नायटर (करंट चालू-बंद करणारा स्विच) आतच असतो, प्रायमरीचं, म्हणजे बॅटरीकडच्या वेढ्यांचं, निगेटिव्ह टोक बाहेर मिळतच नाही. त्यामुळे प्रायमरी व्होल्टेज पाहायची जुनी वाट तिथे बंद असते आणि करंट हीच खिडकी उरते.

क्लॅम्पच्या मर्यादाही आहेत. पावसाळ्यात प्लगच्या विहिरीत पाणी उतरून कॉइल आणि प्लगमधल्या रबरी बूटमधून ठिणगी बाहेर फुटत असेल, तर करंट अगदी निरोगी दिसेल. प्लग झिजल्याचंही त्याला कळत नाही. पण या दोन्हीसाठी मला स्कोप लागत नाही. कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहिली, बूटवरचे ठिणगीचे काळे माग शोधले, प्लग काढून पाहिला, की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. आणखी एक, त्याच फ्यूजवर इंजेक्टरही असले तर त्यांचा करंट चित्रात मिसळतो. मग कॉइलच्या हार्नेसमधली सप्लाय वायर शोधून तिला क्लॅम्प लावावा.

तुमच्याकडे सँट्रो झिंगसारख्या, कॉइल पॅक आणि एचटी (हाय टेन्शन) केबलच्या गाड्या जास्त येत असतील, तर मात्र आधी सेकंडरी पिकअप घ्या असंच मी म्हणेन. केबलला चिमट्यासारखा लागणारा पिकअप घ्या, टेकवायचा नको. तो एका जागी घट्ट बसतो, त्यामुळे उंचीची तुलना बऱ्यापैकी खरी निघते आणि हाताचा प्रश्नच उरत नाही. गॅस किट बसवण्याचं काम करणाऱ्यांनाही सेकंडरी लवकर लागेल, कारण त्यांचं अर्धं काम मिक्श्चरचं.

बाकी, के सिरीजच्या मारुतीसारख्या प्रत्येक प्लगवर कॉइल असलेल्या गाड्या ज्यांच्याकडे जास्त येतात, त्यांनी आधी क्लॅम्प घ्यावा असं मला वाटतं. फ्युएल पंपाचा करंट पाहायलाही तोच चालतो. घेताना 1 अँपिअरला 100 मिलिव्होल्ट देणारी रेंज आहे ना ते पाहा. फक्त मोठ्या, शेकडो अँपिअरच्या रेंजचा क्लॅम्प स्टार्टरसाठी असतो. कॉइलच्या सहा-सात अँपिअरमध्ये तो नुसती खरखर दाखवतो. आणि दर वेळी वायरला लावण्याआधी झिरो करा, नाहीतर सगळी रेघ वर सरकलेली दिसेल आणि नसलेला दोष शोधत बसाल.